बिनगुळाचा मांडा

आक्का कापड तपासायची ती डोळे मिटून. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या मिलमध्ये आम्ही चेकिंगच्या बायका ट्यूबलाइटखाली डोळे फाडफाडून साड्यांतले दोष शोधायचो आणि ही पंचेचाळिशीची बाई लाकडी खुर्चीत मांडी घालून, डोळे मिटून, चार बोटं कापडावरून सरकवत बसायची. नव्या माणसाला वाटावं, बाई पेंगते आहे. मग बोटं एकदम थांबायची. "आठे," ती म्हणायची, म्हणजे इथे. तिथे दोरा तुटलेला असायचा, नाहीतर रंगाचा खरखरीत ठिपका बसलेला असायचा. सगळं खातं तिला टेस्टरआक्का म्हणायचं, कारण इलेक्ट्रिशियनच्या खिशातल्या टेस्टरसारखी तीही नुसती टेकली की सांगायची. मी बारावी सायन्स करून तिथे लागले होते, आणि शाळेत पाठ केलेला ज्ञानेंद्रियांचा धडा मला पहिल्यांदा समजला तो ह्या सातवी नापास बाईच्या शेजारी बसून.

"डोया खोटं बोलस," ती म्हणायची. "बोट खोटं बोलत नही." घरी, सुरतेतल्या लिंबायतला, आम्ही सगळे खानदेशातले अहिराणीच बोलायचो, पण मिलच्या फाटकातून आत गेलं की बहुतेक जण हिंदी नाहीतर गुजराती जिभेवर चढवायचे. आक्काने कधी चढवली नाही. मालकाशीसुद्धा ती अहिराणीतच बोलली, आणि त्याला ती बरोबर समजली. ज्याला कापड कळतं त्याला भाषा कळते, असा तिचा हिशेब होता.

तिची एक सवय मला फार दिवस उमगली नव्हती. दहा-बारा हात कापड झालं की ती बोटं उचलायची, पदराला पुसायची, हवेत जरा झटकायची आणि पुन्हा ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "बोट एका जागी ठेवं की झोपी जास. त्याले हालवनं पडस." आज मी एका खासगी हॉस्पिटलात नसांच्या तपासणीची टेक्निशियन आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलींना हेच समजावते. कातडीतले संवेदक बदलाची बातमी देतात. काही नवीन टेकलं की वर्दी जाते, तेच टेकून राहिलं की त्यातले बरेच गप्प होतात. म्हणून तर हातातल्या बांगड्या दिवसभर आठवत नाहीत. मुली वहीत उतरवून घेतात. आक्काने हे कुठल्याही वहीवाचून ओळखलं होतं.

दुसरं म्हणजे ती हाताला एक हात मानायचीच नाही. कापड ओलसर आहे का, गरम आहे का, हे ती तळहाताच्या मागच्या बाजूने पाहायची. खरखर बोटाच्या टोकाने. आणि कापड दाट की विरळ हे अंगठा-तर्जनीत दाबून. ज्याचं काम त्यालाच विचारायचं, असा तिचा नेम होता. गंमत म्हणजे कातडीच्या आत अगदी तसंच आहे. हलक्या स्पर्शाचा संवेदक वेगळा, दाबाचा वेगळा, थरथरीचा वेगळा, गरम-गारचा वेगळा, दुखण्याचा तर वेगळाच. प्रत्येकाला आपल्यापुरतंच कळतं, आणि जे कळतं त्याची तो बारीकशी वीज करून नसेतून वर पाठवतो. जोर जास्त असला तर वीज मोठी होत नाही, ती लवकर लवकर जाते. दारावर माणूस घाईत असला की कडी भराभर वाजवतो, तसंच.

तिसरी गोष्ट मात्र तिच्या बोटांची नाही, स्वभावाची. आक्का विसरायची नाही. शेजारणीने तिची लोणच्याची बरणी मागून नेली आणि फोडून वर "तडा आधीच होता" असं म्हणाली, म्हणून त्या घरचा चहा तिने अकरा वर्षं घेतला नाही. शेजारणीच्या मुलीच्या लग्नात राब राब राबली, पोळ्या लाटल्या, रुखवत मांडला, आणि चहा आला की म्हणाली, "माले चालत नही." मी हसले तर मला म्हणाली, "राग शिळा व्हत नही पोरी, मुरस." माझा स्वतःचा स्वभावही काही गाईचा नाही. पण राग नीट बरणीत भरून कसा ठेवायचा, हे मी तिच्याकडून शिकले.

आता बगळ्याविषयी सांगायला हवं. बगळा म्हणजे आमचा मॅनेजर. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, आणि बोलताना एका पायावर भार देऊन मान पुढे काढायची लकब. हे नावही आक्कानेच ठेवलेलं. तो आमच्याकडचाच, चोपड्याजवळच्या खेड्यातला. त्याची आई आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर, त्या गावाकडे असताना, शेतावर निंदायला गेलेली. पण सुरतेत खुर्ची मिळाल्यावर त्याला अहिराणी कळेनाशी झाली. आक्का काही म्हणाली की शेजारच्या माणसाला विचारायचा, "क्या बोल रही है ये?" आक्का त्याच्या डोळ्यांत बघून तेच वाक्य पुन्हा, आणखी ठासून, अहिराणीत म्हणायची.

आमच्या खात्यात साड्यांवरचे तेलाचे डाग काढायला एक पाणी यायचं. पत्र्याच्या डब्यातून यायचं, पेट्रोलसारखा वास, बोटाला लागलं की गार वाटून क्षणात उडून जायचं. फडकं त्यात बुडवायचं आणि डाग पुसायचा. डाग आक्काच शोधायची, म्हणून पुसायचीही तीच. खोलीला एक खिडकी होती. वास शेजारच्या ऑफिसात, गिऱ्हाइकांच्या नाकात जातो म्हणून बगळ्याने ती खिळे ठोकून बंद केली आणि पंखाही काढला. आक्का सांगायला गेली की डोकं चढतं, तर म्हणाला, "काम कम करो तो डोकं भी कम चढेगा." एवढा एकच मराठी शब्द त्याने आमच्यासाठी खर्च केला.

मग आक्काच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. ती झटकायची, चोळायची, गरम पाण्यात धरायची. मी शेजारी बसत होते, मला दिसत होतं. मी काय म्हटलं असेल? "आक्का, थकवा असेल." हे वाक्य मी विसरलेले नाही. बगळ्यावर राग धरताना त्यातला थोडा मी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवते.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळ्यांनी मिळून एक मूर्खपणा केला. आखाजीला आमच्याकडे आमरस आणि खापरावरचे मांडे. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. मांडा म्हणजे त्यावर भाजलेली हातभर रुंद पुरणाची पोळी. ती लाटून पुरत नाही, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झेलत झेलत वाढवायची आणि कागदासारखी पातळ झाली की खापरावर टाकायची. आमच्या गल्लीचे मांडे आक्का करायची, तो तिचा मान होता. त्या दिवशी एक मांडा खापराला चिकटला. आक्काने तो हाताने सोडवला. जळत्या खापरावर बोटं टेकवून, सावकाश, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. बायका अवाक. कोणीतरी म्हणालं, "गौराईनं हात दिला!" मग काय, गल्लीतल्या बायका तिच्या हाताला हळद-कुंकू लावायला लागल्या. मीही लावलं. बोटांच्या टोकांवर फोड टरारून आले होते आणि आम्ही त्यांच्यावर कुंकू लावत होतो. आक्का मात्र हाताकडे बघत बसली होती. ज्या बाईला साडीतला एक तुटका दोरा कळायचा तिला आपली बोटं भाजलेली कळली नव्हती, आणि हे फक्त तिलाच समजलं होतं.

पुढे मला दुसऱ्या शहरात टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि मी मिल आणि गल्ली दोन्ही सोडलं. मी गेल्यानंतर आक्काची बोटं दोष सोडायला लागली. एक मोठा माल परत आला. बगळ्याने तिला ऑफिसात बोलावून तिच्या हातावरचे जुने व्रण पाहिले, बोटाला टाचणी टोचली, तिला कळलं नाही. आणि त्याने बाहेर येऊन सगळ्या खात्यासमोर सांगितलं की हिला महारोग आहे, हिच्या हातचं पाणी कोणी पिऊ नका. त्याच दिवशी तिला काढलं. बातमी ती घरी पोचायच्या आधी लिंबायतला पोचली. ज्या बायकांनी हाताला कुंकू लावलं होतं त्याच तिच्या नळावरून घागरी उचलून दुसऱ्या नळावर गेल्या. आखाजीला तिची सख्खी जाऊ दारात आली आणि खापर मागून घेऊन गेली.

खरं म्हणजे महारोग असता तरी काय? गोळ्यांनी बरा होतो, सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. पण हे गल्लीला कोण सांगणार. आणि आक्काला तो नव्हताच.

मला हे कळलं तेव्हा दोन आखाज्या उलटल्या होत्या. नोकरी लागल्यावर पेढे द्यायला गेले तर आक्काने दार अर्धंच उघडलं. "लांब ऱ्हाय," म्हणाली. मी आत घुसले आणि तिचे हात हातात घेतले. ती रडली नाही. म्हणाली, "तू नसांचं शिकेल शे ना? मंग सांग, मना हातनी काय चूक?"

मी तिला आमच्या हॉस्पिटलातल्या तपासणीच्या टेबलावर झोपवलं. बोटाला रिंग, मनगटावर पट्टी, आणि विजेचे बारीक टिचके. नस ते पोचवते आणि पडद्यावर लाट उमटते. लाट किती उंच आणि किती उशिरा आली, त्यावरून नसेची तब्येत कळते. आक्काच्या बोटांतून लाट येतच नव्हती. मनगटापासून पुढे सगळं शांत, कोपराकडे मात्र ठीक. पायाच्या बोटांचंही तेच. दोन्ही हात सारखे, दोन्ही पाय सारखे. जणू कोणी मोजे चढवले होते. आमच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, कातडीचा नमुनाही पाठवला, आणि एकच प्रश्न विचारला: "काम काय करत होता?" मी त्या पत्र्याच्या डब्याचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून सही केली. महारोग नाही. डाग काढायच्या रसायनाने नसा मंदावल्या आहेत. ते बंद झालंय, थोडंफार परत येईल.

त्या सहीचं मी काय केलं ते मी अभिमानाने सांगते. त्याच खोलीत बसणाऱ्या चार बायकांना मी टेबलावर आणलं. चौघींच्याही लाटा लंगड्या होत्या. पाचही कागद घेऊन आम्ही कारखान्याच्या सरकारी तपासनिसाकडे गेलो, आणि तो खिडकीचे खिळे बघून जाईपर्यंत मी पाठ सोडली नाही. खिडकी उघडली, डबा बंद झाला, मालकाने बगळ्याला सगळ्यांसमोर झापलं. मला एवढ्याने समाधान नव्हतं. मला त्याची खुर्ची गेलेली हवी होती. मी अर्जावर अर्ज लिहीत होते.

शेवटी बगळाच आक्काच्या दारात आला. हातात साडी आणि मिठाईचा पुडा. "जो हुआ सो हुआ," म्हणाला. मी तिथेच होते, मी त्याला उंबऱ्यावरूनच हाकलणार होते. आक्काने मला मागे सारलं. साडीकडे तिने पाहिलंही नाही. म्हणाली, "आखाजीले येवा. मना हातना मांडा खावा. बठ्ठास्ना समोर." बगळ्याने शेजारी बघितलं, विचारायला तिथे कोणी नव्हतं. मीच सांगितलं, "समजलंय तुम्हाला. सगळ्यांसमोर. आलात तर माझे अर्ज थांबतील."

आखाजीला दोन महिने होते. आक्काने रोज पीठ मळलं. बोटांना अजून काही कळत नव्हतं, म्हणून ती मांड्याचा पातळपणा कोपराजवळच्या कातडीवर तोलायला शिकली. तिथली नस जागी होती. पहिले मांडे फाटले, मग जाड झाले, मग साधले. खापर आणायला ती स्वतः जावेकडे गेली. जावेने ते पुसून दिलं.

बगळा आला. पांढऱ्या कपड्यांतच आला. गल्लीत चुली पेटल्या होत्या, सगळ्या बायका दारांत, पुरुष ओट्यांवर. आक्काने त्याला मधोमध पाटावर बसवलं. ताट आल्यावर त्याने मान पुढे काढली आणि म्हणाला, "मुझे शुगर है. मीठा मना है."

मला वाटलं, निसटला. आक्का म्हणाली, "माले माहीत व्हतं." मिलमध्ये त्याचा चहा बिनसाखरेचा जायचा, हे ती विसरली नव्हती. आणि तिने दुसऱ्या ताटातून एक मांडा आणला, नुसत्या शिजवलेल्या डाळीचा, बिनगुळाचा. आमरसाऐवजी कटाची आमटी. तेव्हा बगळ्याला खावंच लागलं. त्याने अख्खा मांडा संपवला. आक्का म्हणाली, "अजून एक ल्या." आमच्याकडे आग्रह मोडता येत नाही, तेही चाळीस माणसं बघत असताना. दुसरा वाढला. मग, "पाव्हणा उपाशी उठना तर गाव काय म्हनी?" म्हणून तिसरा. तो खात होता, घाम पुसत होता, आणि मी त्याचा प्रत्येक घास डोळ्यांनी गिळत होते. आयुष्यात इतकी चवदार आखाजी मी जेवलेली नाही. अन्नाला हातसुद्धा न लावता.

तिसऱ्या मांड्यानंतर तो हात धुवायला उठला, अनवाणी, चुलीच्या कडेने. उडालेला एक निखारा वाटेत पडला होता. त्याचा पाय त्यावर पडला आणि तो थांबला नाही. दोन पावलं, तीन पावलं. निखारा तळव्याला चिकटलेला, बारीक धूर निघत होता, आणि हा माणूस शांतपणे लोटीतून पाणी ओतत होता. मी टेबलावर असे कितीतरी पाय पाहिले आहेत. जुन्या साखरेने मेलेल्या नसा. मला एका नजरेत कळलं, आणि मी तोंड उघडलं नाही. खोटं कशाला सांगू? मी मनात म्हटलं, जळू दे.

आक्काला वास आला. ती चुलीवरून उठून त्याच्यापुढे गेली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, तुमना पाय जळी ऱ्हायना. तुमले समजत नही. मग आते तुमले काय म्हनानं? तुमनं पानी प्यावानं का नही प्यावानं?"

बगळ्याने पाय उचलून पाहिला. "माय वं!" तो ओरडला. त्याच्या तोंडून अहिराणी बाहेर पडलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. कोणी हसलं नाही. आक्काने लोटीतलं पाणी त्याच्या तळव्यावर ओतलं, निखारा चिमट्याने काढला, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "उद्या हिनाकडे जावा. ही तपासस." मग ती नळावर गेली, हात धुतले, आणि परत मांडे करायला बसली. पंगतीला आधी तिची जाऊ बसली, मग ती बरणीवाली शेजारीण, मग सगळी गल्ली. त्या दिवशी आक्काच्या हातचं पाणी प्यायला लोकांनी रांग लावली होती.

घरी जाताना मी तिच्यावर चिडले होते. "तू का सांगितलंस त्याला? पाय गेला असता." आक्का म्हणाली, "मना हात गया तवय कोणी सांगं नही. ते त्याचं काम व्हतं. मी बगळी शे का?" माझा राग काही गेला नाही, तो मी बरणीत भरला.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला. मी त्याची तपासणी केली, अगदी काटेकोर. टिचके हवे तेवढेच दिले. माझ्या हातात यंत्र होतं आणि माझ्या मनात काय होतं ते मलाच ठाऊक, पण खोटी तपासणी त्याने केली होती, मला करायची नव्हती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की तळव्यांना आता काही कळणार नाही, म्हणून रोज सकाळी उठल्यावर खाली आरसा ठेवून दोन्ही तळवे बघायचे. काटा, फोड, चटका काही दिसलं तर लगेच यायचं. आयुष्यभर.

हे मी आक्काला फोनवर सांगितलं. तेव्हा ती शिरपूरकडे लेकीच्या घरी राहायला गेली होती. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "मंजे रोज सकाळी," ती म्हणाली, "देवना आधी त्याले मनी याद येई." तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, आरशासकट.

गेल्या थंडीत आक्का गेली. लेक म्हणाली, शेवटच्या दिवसांत बोटांच्या टोकांना थोडं थोडं कळायला लागलं होतं; नातवाच्या झबल्यावरून हात फिरवत, डोळे मिटून बसायची. मी वेळेवर पोचू शकले नाही. तिचे हात मला शेवटचे पाहता आले नाहीत, आणि ते दुःख माझ्यातून जात नाही.

बगळ्याला तपासणीसाठी सहा महिन्यांनी बोलावलं तरी पुरतं. मी दर तीन महिन्यांनी बोलावते. तो येतो, मोजे काढतो, टेबलावर आडवा होतो. स्पर्श कळतो का ते पाहायला तळव्याला टेकवायची नायलॉनची तार मी हातात घेते आणि विचारते, "सकाळी तळवे बघता ना?" तो म्हणतो, "बघतो." "बघताना कोण आठवतं?" मी विचारते. तो छताकडे बघत राहतो. मला घाई नसते. तो तिचं नाव घेईपर्यंत मी तार टेकवत नाही.